लाकडी प्रोपेलर घडवताना आणि सांभाळताना

कृष्णाकाठ (कऱ्हाड)

आमच्या कार्यशाळेत येणाऱ्या काही विद्यार्थ्यांना लहान इंजिनाच्या चाचणी-चौकटीवर बसवण्यासाठी लाकडी प्रोपेलर तयार करायचा आहे. त्यांच्यासाठी लिहिलेले टिपण थोडे वाढवून येथे देत आहे. सुतारकामातील आणि विमानांच्या देखभालीतील जाणकारांनी त्यात भर घालावी.

राइट बंधूंनी १९०३ साली आपल्या विमानासाठी स्प्रूस या हलक्या सूचिपर्णी लाकडाच्या फळ्या एकमेकींवर चिकटवून साडेआठ फूट व्यासाचे दोन प्रोपेलर हाताने तासले. प्रोपेलर म्हणजे गोल फिरणारा पंखच आहे, अशी मांडणी करून त्यांनी त्याचे गणित बसवले होते आणि त्यांच्या प्रोपेलरची कार्यक्षमता पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास होती. २५ जुलै १९०९ रोजी फ्रेंच वैमानिक ब्लेरिओने विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली, तेव्हा त्याच्या विमानावर शोव्हिएर या प्रोपेलर-निर्मात्याने अक्रोडाच्या थरांतून घडवलेला प्रोपेलर होता. पुढे मोठ्या इंजिनांसाठी धातू आला, परंतु हलक्या विमानांवर लाकूड आजही टिकून आहे आणि त्याचे कारण केवळ स्वस्ताई नाही. लाकूड कंपने स्वतःत जिरवते. धातूच्या पात्याला खडा लागून बारीक खाच पडली तरी तेथून थकव्याची, म्हणजे वारंवारच्या ताणाने पडणारी, चीर वाढत जाऊ शकते. लाकडाला हा धोका फारच कमी. शिवाय लाकडी प्रोपेलरचे वजन त्याच मापाच्या धातूच्या प्रोपेलरच्या निम्म्याहूनही कमी भरते. त्याच्या बदल्यात पाते जाड ठेवावे लागते आणि कार्यक्षमता थोडी घटते.

प्रथम पिळाविषयी. प्रोपेलर हवेत आटे पाडत पुढे सरकतो अशी कल्पना केली, तर एका फेऱ्यात तो जितका पुढे जाईल त्या अंतराला पिच म्हणतात. पायपर कबसारख्या ६५ अश्वशक्तीच्या विमानावर ७२ इंच व्यासाचा आणि ४२ इंच पिचचा प्रोपेलर असतो. पिच सर्वत्र सारखा ठेवायचा, तर मध्यापासून जसजसे दूर जावे तसतसा पात्याचा कोन कमी व्हायला हवा, कारण टोकाला एका फेऱ्यात कापायचे वर्तुळ मोठे असते. त्रिज्येच्या निम्म्यावर हा कोन सुमारे २० अंश, तीनचतुर्थांशावर १४ अंश आणि टोकाला साडेदहा अंश येतो. पिचला त्या ठिकाणच्या परिघाने भागले की कोनाचा स्पर्शक, म्हणजे टॅन, मिळतो. दहावीचे त्रिकोणमिती येणाऱ्याला यात अडचण येऊ नये.

लाकूड निवडताना मेपल, बर्च, मॅहॉगनी, अक्रोड आणि अ‍ॅश ही नावे वारंवार येतात. लाकूड सरळ तंतूंचे, गाठ नसलेले आणि एकसारख्या घनतेचे असावे. विमानाच्या सांगाड्याला वापरायच्या लाकडात तंतूंचा तिरपेपणा पंधरा इंचांत एक इंचापेक्षा अधिक नसावा, असा जुना दंडक आहे आणि प्रोपेलरसाठीही तो डोळ्यांपुढे ठेवणे योग्य. अखंड ओंडक्यातून प्रोपेलर का कोरत नाहीत, हा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. इतके जाड लाकूड आतपर्यंत समान वाळत नाही, वाळले तरी पुढे बाक धरते आणि त्यात लपलेला दोष दिसत नाही. सुमारे १८ ते २० मिलिमीटर जाडीच्या पाच-सहा किंवा त्याहून अधिक फळ्या घेतल्या, तर प्रत्येक फळी दोन्ही बाजूंनी पाहता येते. एका फळीचे जड टोक डावीकडे आले, तर दुसरीचे उजवीकडे ठेवता येते. एका थरात चीर गेलीच, तर ती सांध्यावर अडण्याची शक्यता असते.

फळ्या चिकटवण्याआधी त्या सर्वांचा ओलावा सारखा असला पाहिजे, साधारण ८ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान. एक फळी आठ टक्क्यांची आणि तिच्या शेजारची चौदाची असेल, तर दोघी वेगवेगळ्या प्रमाणात आक्रसतील आणि सांध्यावर कायमचा ताण राहील. चिकटवायचे पृष्ठभाग त्याच दिवशी रंध्याने ताजे करून घ्यावेत. रिसॉर्सिनॉल हा गडद तांबूस-जांभळा गोंद उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही, मात्र त्याला पातळ थर, शिकंज्यांचा भरपूर आणि समान दाब आणि साधारण २१ अंश सेल्सिअसच्या वरचे तापमान लागते. म्हणून डिसेंबरच्या पहाटे आमच्याकडे हे काम करू नये.

आता कोरणे. प्रत्येक फळी चिकटवण्याआधीच तिच्या थराच्या बाह्यरेषेवर कापून घेतात आणि पंख्याच्या आकारात थोडी थोडी फिरवून रचतात. त्यामुळे चिकटवलेल्या ठोकळ्यावर पायऱ्या दिसतात आणि कोरणे म्हणजे मुख्यतः त्या पायऱ्या काढून टाकणे. प्रथम मागची, म्हणजे वैमानिकाकडची, सपाट बाजू पटाशी आणि रंध्याने अचूक कोनात आणावी, कारण पुढची सर्व मापे तिच्यावरून घ्यायची असतात. त्यानंतर पुढची फुगीर बाजू ठरावीक अंतरावरच्या पत्र्याच्या फर्म्यांशी जुळवत स्पोकशेव्ह (दोन मुठींचा छोटा रंधा) आणि कानशीने उतरवावी. हात कितीही सरावाचा असो, नजर फसते. परंतु थरांच्या सांध्यांच्या रेषा फसवत नाहीत. आकार नितळ असेल, तर या रेषा नकाशावरच्या समोच्च रेषांप्रमाणे सलग वळणे घेतात आणि दोन्ही पात्यांवर त्यांची वळणे हुबेहूब सारखी असतात. कोठे रेष अचानक वाकडी झाली, की तेथे खड्डा किंवा उंचवटा आहे असे समजावे.

माझे मत असे, की कोरणे हा या कामातला शिकता येण्याजोगा भाग आहे. लाकडाचा ओलावा सांभाळणे हा त्याहून कठीण भाग आहे आणि तो प्रोपेलर विमानावर बसल्यावरही संपत नाही.

माणदेशी (म्हसवड)

टिपण फार उपयुक्त आहे. एक शंका आहे. चांगल्या व्हार्निशचे चार-पाच हात दिले, की लाकूड बंदिस्त होते. मग ओलाव्याचे एवढे महत्त्व का? आमच्या घरातील जुन्या दरवाजांना रंगही नाही आणि ते पिढ्यान्‌पिढ्या टिकले आहेत.

कृष्णाकाठ

माणदेशी, व्हार्निश ओलावा रोखत नाही, त्याचा वेग कमी करते. सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल, तर लाकडातील ओलावा हळूहळू सहा टक्क्यांच्या आसपास येऊन स्थिरावतो. आर्द्रता ६५ टक्के असेल तर बारा, आणि ९० टक्के असेल तर वीस टक्क्यांच्या घरात जातो. आपल्या एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि आपल्या माण तालुक्यात तो जेमतेम पाचशेच्या आसपास असतो. जुलैमध्ये घाटमाथ्यावर ठेवलेला प्रोपेलर एप्रिलमध्ये म्हसवडला आणला, तर त्याच्यात काय घडेल याचा विचार करा.

दरवाजा फुगला तर पावसाळ्यात अडकतो, इतकेच. प्रोपेलरची गोष्ट वेगळी आहे, कारण तो बोल्टांच्या दाबावर उभा असतो. लाकूड तंतूंच्या दिशेने जवळजवळ आक्रसत नाही, म्हणून त्याची लांबी बदलत नाही. आडव्या दिशेने मात्र ते निश्चित आक्रसते. मेपलचे उदाहरण घेतले, तर ओलावा एक टक्क्याने घटल्यावर जाडी, फळी कशी कापली आहे त्यानुसार, साधारण ०.१६ ते ०.३३ टक्क्यांनी कमी होते. हब, म्हणजे मधला भाग, १०० मिलिमीटर जाडीचा आहे आणि ओलावा चार टक्क्यांनी घटला असे धरले, तर हबची जाडी अर्ध्या मिलिमीटरहून अधिक, कधी सव्वा मिलिमीटरपर्यंत घटते. इतक्याच लांबीचा पोलादी बोल्ट व्यवस्थित आवळल्यावर ताणला जातो तो केवळ मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा. म्हणजे कोणी पान्यालाही हात न लावता बोल्ट ढिले होतात.

रंधा (सांगली)

नोकरीची बरीच वर्षे हलक्या विमानांच्या देखभालीत गेली, म्हणून वरील हिशेबाला पुढचा भाग जोडतो. पुष्कळांना वाटते, की इंजिनाचा जोर बोल्ट पात्यांकडे पोहोचवतात. वास्तविक तो जोर पोहोचवते फ्लँज, म्हणजे इंजिनाच्या दांड्यावरची धातूची चकती, आणि लाकूड यांच्यातील घर्षण. बोल्टांचे काम ते घर्षण टिकेल इतका दाब देण्याचे. चार सिलिंडरच्या इंजिनाचा जोर सलग नसतो, तो ठोक्या-ठोक्याने येतो. दाब कमी झाला, की प्रत्येक ठोक्याला फ्लँज लाकडावर केसभर पुढे-मागे सरकू लागते. त्यातून उष्णता निर्माण होते, हबचा पृष्ठभाग करपून काळा पडतो, बोल्टांची भोके लांबट होतात आणि शेवटी बोल्टच तुटू लागतात. प्रोपेलर उतरवल्यावर हबवर काळी चकाकी किंवा काळी भुकटी दिसली, तर तो बोल्ट ढिले राहिल्याचा पुरावा समजावा.

म्हणून नवीन प्रोपेलर बसवल्यावर पहिल्या उड्डाणानंतर, त्यानंतर पंचवीस तासांनी आणि पुढे दर पन्नास तासांनी बोल्ट तपासण्याची पद्धत आहे. मी याला ऋतूही जोडतो: पावसाळा संपून हवा कोरडी झाली की तास भरले नसले तरी तपासणी करावी. आवळण्याचा आकडा नेहमी निर्मात्याच्या पुस्तिकेतूनच घ्यावा आणि टॉर्क पान्याशिवाय, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याशिवाय, हे काम करू नये. ‘आणखी थोडे घट्ट’ करणाराही तितकेच नुकसान करतो, कारण जास्त दाबाने तंतू चिरडतात, फ्लँज लाकडात रुतते आणि एकदा चिरडलेले लाकूड पुन्हा उसळून दाब देत नाही. ओल्या हवेत पूर्ण मापाने आवळलेला प्रोपेलर कोरड्या हवेत ढिला होतो आणि कोरड्या हवेत आवळलेला ओल्या हवेत फुगून स्वतःलाच चिरडतो, हेही ध्यानात ठेवावे. बोल्ट आवळून झाले, की दोन्ही टोके एकाच रेषेतून जातात का ते जमिनीवर खूण ठेवून पाहावे. लाकडी प्रोपेलरमध्ये तीन मिलिमीटरच्या आतला फरक चालतो. प्रोपेलर हाताने फिरवताना मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी पुरवणारे यंत्र) बंद आहे यावर विश्वास ठेवू नये, इंजिन सुरू होऊ शकते असे धरूनच उभे राहावे.

विमान उभे करताना प्रोपेलर आडवा ठेवण्याचा नियमही ओलाव्यामुळेच आला आहे. उभा ठेवला, तर खालच्या पात्यात ओलावा जास्त उतरतो आणि तोल बिघडतो. आडवा ठेवला, की दोन्ही पाती सारखीच भिजतात आणि सारखीच वाळतात. पात्याच्या पुढच्या धारेवर पितळेचा किंवा स्टेनलेस स्टीलचा पत्रा असेल, तर टोकाला सुमारे एक मिलिमीटरची बारीक भोके ठेवलेली असतात. आत शिरलेले पाणी प्रोपेलर फिरताना त्यांतून बाहेर फेकले जाते. नवख्या रंगाऱ्याला ही भोके दोष वाटतात आणि तो ती रंगाने बुजवून टाकतो, हे मी एकापेक्षा अधिक हँगरमध्ये पाहिले आहे.

मिरजेचा तंबोरा

आमच्याकडे सतारी आणि तंबोरे घडवताना तुणीचे लाकूड वापरतात आणि ते वर्षानुवर्षे मुरवतात. तुणी ही मॅहॉगनीच्याच कुळातील, असे वाचले आहे. मग तिचा प्रोपेलर का करू नये? आणि पूर्वी जोडकामाला सरस वापरत, तो प्रोपेलरला चालत असे का?

कृष्णाकाठ

कुळ एकच आहे, परंतु तुणी मॅहॉगनीपेक्षा हलकी आणि मऊ असते. तंबोऱ्याला हलके, नादमय लाकूड हवे, तर प्रोपेलरच्या हबला आडवा दाब सोसणारे हवे. दिवाणखान्यात मांडायचा नमुना करायचा असेल, तर तुणी उत्तम कोरली जाईल. सागवानाचेही पुष्कळजण विचारतात. सागवान कमी हलते हा त्याचा मोठा गुण, परंतु त्यातील तेलकटपणा सांध्याला आड येतो आणि प्रोपेलरच्या बाबतीत सांध्यावर तडजोड करता येत नाही.

सरसाविषयी आपला तर्क बरोबर आहे. पहिल्या महायुद्धातील अनेक प्रोपेलर जनावरांच्या सरसानेच जोडलेले होते. कोरड्या हवेत तो सांधा लाकडापेक्षाही मजबूत असतो, दमट हवेत मात्र मऊ पडतो. वाद्याला हे सोयीचे आहे, कारण पुढे दुरुस्तीसाठी सांधा उकलता येतो. प्रोपेलरचा सांधा कधीही उकलू नये अशी अपेक्षा असते.

चाळकेवाडी (सातारा)

पठारावरच्या पवनचक्क्यांची पाती रोज पाहतो. तीही मुळाशी जास्त आणि टोकाकडे कमी पिळलेली दिसतात. तत्त्व एकच आहे का?

कृष्णाकाठ

पिळाचे कारण एकच आहे. काम मात्र उलटे. प्रोपेलर इंजिनाची शक्ती हवेला देतो, म्हणून त्याची फुगीर बाजू पुढे असते. पवनचक्की वाऱ्याकडून शक्ती घेते, म्हणून तिची फुगीर बाजू वारा जिकडे जातो तिकडे असते. पवनचक्कीची ती पाती फायबरग्लासची असतात.

पंख पाचगणी

मी पॅराग्लायडिंग करतो आणि आता पॅरामोटर, म्हणजे पाठीवर इंजिन बांधून उडणे, शिकतो आहे. पॅरामोटरवरही लाकडी प्रोपेलर येतात, सुमारे सव्वा मीटर व्यासाचे. रंधाकाका, वर दिलेल्या पद्धतीने स्वतःच कोरलेला प्रोपेलर वापरायला काय हरकत आहे? तोल बरोबर साधला, की काम झाले ना?

रंधा

हरकत आहे. आधी तोलाविषयी सांगतो, कारण तेवढ्यावरून पुष्कळसे लक्षात येईल. ७२ इंची प्रोपेलर मिनिटाला २३०० फेऱ्यांनी फिरतो, तेव्हा त्याचे टोक ताशी सुमारे ७९० किलोमीटर वेगाने जाते. त्या टोकावरचा एक ग्रॅमचा फरक हबला पाच किलोहून अधिक जोराने बाहेर ओढतो, आणि या ओढीची दिशा सेकंदाला अडतीस वेळा फिरून येते. आपल्या पॅरामोटरचा व्यास कमी असला तरी फेऱ्या अधिक असतात, त्यामुळे हिशेब जवळजवळ तेवढाच येतो.

तोल तपासण्यासाठी हबच्या भोकातून अचूक दांडा घालून तो दोन समतल, गुळगुळीत धारांवर ठेवतात. खोलीत वाऱ्याची झुळूकही नको, पंखा तर नकोच. प्रोपेलर आडवा ठेवून सोडला तर कोणतेही पाते खाली जाता कामा नये. उभा ठेवूनही तो कोणत्याच बाजूला कलता कामा नये. ही दुसरी परीक्षा अनेकजण विसरतात. पाते थोडे हलके असेल, तर त्यावर व्हार्निशचे जास्तीचे हात देतात. प्रोपेलर कोपऱ्यात उभा ठेवलेला असेल, तर तोल पाहण्यापूर्वी त्याला काही दिवस आडवा पडू द्यावा, नाहीतर आपण लाकडाचा नव्हे, त्यातील पाण्याचा तोल साधत बसाल.

आता मूळ प्रश्न. तोल साधलेला प्रोपेलर मजबूत असतोच असे नाही. सांध्यात गोंद कमी पडलेली जागा, तिरपे तंतू आणि हबजवळ जास्त खोल गेलेली कानस हे दोष तराजूवर दिसत नाहीत. पॅरामोटरमध्ये प्रोपेलर आपल्या पाठीमागे हातभर अंतरावर फिरतो आणि मध्ये असते ती केवळ जाळी. निर्माते प्रोपेलर प्रत्यक्ष कामाच्या वेगापेक्षा अधिक वेगाने फिरवून पाहतात. आपल्याकडे त्याची सोय नाही. कृष्णाकाठ यांच्या विद्यार्थ्यांनीही चाचणी-चौकटीभोवती मजबूत आवरण ठेवावे आणि प्रोपेलर ज्या प्रतलात फिरतो, त्या प्रतलात कोणीही उभे राहू नये. नोंदणीकृत विमानाच्या बाबतीत तर डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) मान्यतेशिवाय प्रोपेलरला पटाशी लावण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

पंख पाचगणी

समजले, काका. विकतचाच वापरेन. त्याची रोजची काळजी कशी घ्यावी, तेवढे सांगावे.

रंधा

उड्डाणानंतर ओलसर मऊ कापडाने पुसून घ्यावा. धारेवर वाळलेले कीटक आणि गवताचा चीक व्हार्निशला खातात. पाण्याचा जोरदार फवारा मारू नये. पावसात उडू नये, आणि सापडलाच तर फेऱ्या कमी कराव्यात, कारण त्या वेगाला पावसाचे थेंब धारेवरचे लाकूड झिजवतात. गडद रंगाचा प्रोपेलर एप्रिल-मेच्या उन्हात तापत ठेवू नये, विशेषतः तो इपॉक्सी या रासायनिक गोंदाने जोडलेला असेल तर, कारण काही इपॉक्सी उष्णतेने मऊ पडतात. व्हार्निशला ओरखडा गेला, तर त्याच दिवशी तो बंद करावा.

चिरांविषयी थोडे सविस्तर सांगतो. तंतूंच्या दिशेने गेलेली बारीक, लहान चीर अधिकृत दुरुस्तीत भरून निघू शकते. तंतूंना आडवी गेलेली चीर दिसली, की तो प्रोपेलर त्याच क्षणी बाद. त्यावर गोंद, पट्टी किंवा आशा यांपैकी काहीही लावू नये. थर सुटू लागल्याची शंका आली, तर नाण्याने हलके ठोकत जावे. आवाज एखाद्या ठिकाणी बद्द झाला, तर तेथे सांधा उकललेला असण्याची शक्यता आहे. पितळी पत्र्यावर आडवी केसासारखी रेष उमटली असेल, तर पत्र्याखालच्या लाकडाची तपासणी झाल्याशिवाय उडू नये.

फलटणकर

विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आमच्या नात्यातील एका जुन्या वाड्याच्या माळ्यावर लाकडी प्रोपेलर सापडला आहे. काळपट व्हार्निश आहे, एका टोकाचा पितळी पत्रा निघाला आहे. तो घासून, पॉलिश करून दिवाणखान्यात उभा लावण्याचा घरच्यांचा विचार आहे.

कृष्णाकाठ

घासण्यापूर्वी हबच्या कडेवरचे आणि पुढच्या तोंडावरचे ठसे नीट पाहावेत. जुन्या ब्रिटिश प्रोपेलरवर आरेखनाचा क्रमांक, इंजिनाचे नाव किंवा अश्वशक्ती, व्यास आणि पिच ठोकलेले असतात. त्यांवरून तो कोणत्या विमानाचा, हे बहुधा शोधता येते. तिरप्या उजेडात छायाचित्रे घेतली, तर पुसट अक्षरेही उठून दिसतात. पात्यावर निर्मात्याचे कागदी चिन्ह व्हार्निशखाली असू शकते. काचकागद फिरवला, की ते गेलेच.

रंधा

मूळ व्हार्निश काढू नये. कोरड्या मऊ कापडाने धूळ पुसून मेणाचा पातळ हात दिला तरी पुरेसे आहे. भिंतीवर लावायचा असेल, तर आडवा लावावा आणि हबला मागून आधार द्यावा. टोकांवर भार देऊ नये. स्वयंपाकघराची भिंत आणि पावसाळ्यात ओल धरणारी पश्चिमेची भिंत या दोन्ही टाळाव्यात. हबमध्ये घड्याळ बसवण्यासाठी सुतार भोक मोठे करून मागेल, त्याला नकार द्यावा. निघालेला पत्रा आणि त्याचे स्क्रू एका पुडीत बांधून प्रोपेलरजवळच ठेवावेत, आणि ठशांची छायाचित्रे येथे टाकलीत तर मापे मी लावून पाहीन.